आमच्या कोचचा गुडघा

डॉक्टरांनी डॉक्टरांचं ऐकायचं नसतं, असा आमच्या धंद्यातला एक अलिखित नियम आहे. त्यामुळे माझ्या जीपीने रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून "जरा हालचाल वाढवा" असं सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली आणि घरी येऊन सोफ्यावर बसले. मी रेडिओलॉजिस्ट. तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांची हाडं बघते आहे, आधी पुण्यात आणि मग लंडनच्या एका हॉस्पिटलात. स्वतःची हाडं हलवायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ती वेळ ताईंनी आणली. ताई म्हणजे पिनर या आमच्या लंडनच्या उपनगरातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांच्या ताई. वय एकाहत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवलं आणि आता आम्हाला झोपू देत नाहीत. या वयाच्या बाईला कुणी मावशी म्हणेल, कुणी आजी म्हणेल, पण त्यांना तसं म्हणायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. त्यांनी लायब्ररीत एक कागद चिकटवलेला पाहिला: पार्कातल्या कौन्सिलच्या कोर्टांवर, शनिवारी सकाळी दहाला, बायकांसाठी टेनिस, अगदी पहिल्यापासून. ताईंनी स्वतःचं नाव दिलं आणि माझंही देऊन टाकलं. मला फोनवर फक्त "बूट आहेत ना?" एवढंच विचारलं.

कोर्टावर पोचलो तर एक उंच, रुंद खांद्यांची बाई दवाने ओला झालेला बाक टॉवेलने पुसत होती. टॉवेल चांगला जाडजूड, हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा. दक्षिण लंडनमधल्या हिरवळीवरची ती मोठी स्पर्धा टीव्हीवर बघणाऱ्या कुणालाही तो ओळखू आला असता. "हा तिथला?" मी विचारलं. "तिथला," ती म्हणाली. "परत द्यायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही." जरा थांबून म्हणाली, "सांगितलं असेल." आणि बाक पुसत राहिली. ही आमची कोच, मूळची हंगेरीची, तेव्हा चाळिशी ओलांडलेली.

तिच्याबद्दलची बाकीची माहिती नागपूरकरणीने काढली. नागपूरकरीण ही आमच्यातली सगळ्यात लहान, छत्तीस वर्षांची, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर आलेली. पहिल्या शनिवारी घरी पोचायच्या आत तिने आमच्या ग्रुपवर कोचचं सगळं करिअर टाकलं. मुलगी बघायला जाण्याआधी करतात तशी आम्ही त्या पानाची कसून तपासणी केली. बारा वर्षं प्रोफेशनल. जगात शंभराच्या पलीकडे, दोनशेच्या अलीकडे. जिंकलेल्या स्पर्धा दोन, त्याही अशा गावांतल्या की नावं वाचताना माझी जीभ अडखळली. त्या मोठ्या हिरवळीवर एकदाच, पहिल्याच फेरीत बाहेर. आणि सगळ्यात शेवटची ओळ: लीड्सजवळ, इनडोअर, मॅच अर्धवट सोडली, कारण गुडघ्याची दुखापत. त्यापुढे काही नव्हतं.

"बाप्पा, गुडघ्यापायी करिअर गेलं हो बिचारीचं," नागपूरकरणीने लिहिलं. ताईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

झालं. पुढच्या शनिवारी ताईंनी कोर्टावर पाऊल ठेवल्या ठेवल्या कन्सल्टंटच्या आवाजात विचारलं, "गुडघा कसा आहे?" कोच क्षणभर जागच्या जागी थांबली. मग म्हणाली, "बरा आहे आता. थँक यू." तेव्हापासून दर शनिवारी हा प्रश्न आणि हे उत्तर ठरून गेलं. ताईंच्या मनात माया होती यात शंका नाही, पण प्रश्न आला की कोच बुटाची नाडी बांधायला खाली वाकायची, आणि नाडी आधीच बांधलेली असायची. मला ते दिसायचं. हाडांपलीकडचं मला फारसं दिसत नाही, पण ते दिसायचं.

तिचं करिअर आम्हाला तिच्या तोंडून तुकड्यातुकड्याने कळलं, मुख्यतः आम्हाला दम लागलेला असताना. वडील बुडापेस्टमध्ये ट्राम चालवायचे. ट्राम डेपोच्या भिंतीवर त्यांनी खडूने नेटच्या उंचीची रेघ ओढून दिली होती आणि ते ड्युटीवरून येईपर्यंत ती भिंतीशी खेळायची. "भिंत कधी चुकत नाही," ती म्हणायची, "म्हणून माझा स्वभाव बिघडला." सोळाव्या वर्षापासून ती एकटीच पाव आणि सॉसेज बांधून घेऊन रेल्वेने देशोदेशी हिंडली. स्वतःच्या रॅकेटच्या तारा स्वतः ओवायच्या, कपडे बेसिनमध्ये धुवायचे, सकाळी आठला रिकाम्या मैदानावर खेळायचं. एका फायनलला प्रेक्षक म्हणून तीन माणसं आणि एक कुत्रा होता. कुत्रा दुसऱ्या सेटपर्यंत थांबला, हे ती अजून कौतुकाने सांगते.

अशा बाईच्या वाट्याला आम्ही आलो. ताई कधी धावल्या नाहीत. बॉलला यायचं असेल तर तो येईल, असं त्यांचं मत होतं, आणि आलेला बॉल त्या नेटच्या जेमतेम पलीकडे टाकून द्यायच्या. नागपूरकरीण जोरात मारायची पण मारताना डोळे मिटायची. मी दोन्ही करायचे नाही. मी सूचना द्यायचे. कोच बिचारी आमच्यासाठी चार मराठी शब्द शिकली होती, वाका, पुढे, परत आणि हळू, आणि त्यांतला 'वाका' सगळ्यात जास्त वापरला जायचा.

दोन उन्हाळ्यांनंतर तिने आम्हाला, क्लासमधल्या आणखी एकीला धरून, पार्कातल्या छोट्या क्लबतर्फे स्थानिक बायकांच्या लीगमध्ये घातलं, अगदी तळाच्या डिव्हिजनमध्ये. कॅप्टन मी झाले, कारण त्या वेळी पेन माझ्याकडे होतं. लीगचा प्रकार सोपा. प्रत्येक टीमच्या चार बायका, म्हणजे दोन जोड्या. खेळण्याआधी दोन्ही कॅप्टननी आपापली पहिली जोडी आणि दुसरी जोडी कागदावर लिहायची आणि कागदांची अदलाबदल करायची. पहिलीने पहिलीशी खेळायचं, दुसरीने दुसरीशी. मॅच संपली की ज्यांचं मैदान त्यांनी पाहुण्यांना चहा द्यायचा.

त्या मोसमात आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. हाउन्सलोला गेलो तर तिथल्या कोर्टावरून दर दोन मिनिटांनी विमान उतरत होतं आणि ताई प्रत्येक विमानाकडे वर बघून "हे एअर इंडियाचं दिसतंय" म्हणत होत्या. तोवर पॉइंट गेलेला असायचा. चहात मात्र आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोर्टाशेजारच्या लाकडी खोलीत ताई स्वतःची विजेवर चालणारी कढई घेऊन यायच्या आणि पाहुण्यांना गरम बटाटेवडे मिळायचे. काकडीचं सँडविच देणाऱ्या क्लबांना हरवून आलेल्या बायका आमच्याकडे तिसरा वडा खाताना गप्प बसायच्या. कोच घरून पोगाचा आणायची, म्हणजे चीज घातलेले छोटे खारे पाव, आणि ताई ते तिच्यादेखत दोनदा घेऊन तिला खूश करायच्या.

शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती आणि नेमकी आमची चौथी खेळाडू भाच्याच्या लग्नाला नाशिकला गेली. तीनच बायका असल्या तर मॅच सोडून द्यावी लागते. गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलातून परस्पर मी कोर्टावर गेले. लहान मुलांचा क्लास नुकता संपला होता आणि कोच सांडलेले बॉल गोळा करत होती.

"रविवारी आमच्यात चौथी म्हणून खेळतेस का? क्लबची मेंबर आहेस, चालतं."

"मी मॅच खेळत नाही," ती म्हणाली. "गुडघा."

ती हे बोलली तेव्हा उकिडवी बसलेली होती. टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या, आपल्याकडे बायका भाजी निवडायला बसतात तशी. त्याच बैठकीत बेडकासारखी पुढे सरकत ती बाकाखालचे बॉल काढत होती. मी शांतपणे बघत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, तीस वर्षं मी गुडघेच बघते आहे. या गुडघ्याने आयुष्यात कुणाचं काही बिघडवलेलं नाही."

तिने हातातला बॉल टोपलीत टाकला. उठून बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं, आपण नको तिथे नाक खुपसलं.

"लीड्सच्या बाहेरचा एक हॉल होता," ती म्हणाली. "पहिला सेट मी जिंकले होते. दुसऱ्यात पाच-दोनने पुढे. सर्व्हिस माझी. अजून एक गेम, की मॅच माझी. बॉल उचलला आणि हात वर जाईना. दुखत नव्हता, जात नव्हता एवढंच. जिंकले तर अजून दोन दिवस त्याच हॉटेलात, त्याच खचलेल्या गादीवर. हरले तर बॅग भरून पुढचं गाव. वर गॅलरीत एक माणूस सँडविच खात बसला होता. त्याच्याकडे बघून मनात आलं, हा संध्याकाळी स्वतःच्या घरी जाणार."

अंपायरने काय झालं विचारलं तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं. ती गुडघा म्हणाली. कुठला, असं विचारल्यावर जो आधी सुचला तो दाखवला. फिजिओ मुलगी धावत आली आणि तिने त्या धडधाकट गुडघ्याला इतक्या मायेने बर्फ बांधला की कोच वीस मिनिटं तशीच बसून राहिली, तिला वाईट वाटू नये म्हणून. कागदावर लिहिलं गेलं. मग ती लंडनला आली, वर्षभर हाउन्सलोला विमानतळाजवळच्या गोदामात खोकी उचलली, तीही त्याच गुडघ्यावर, आणि पुढे शिकवायला लागली.

"आणि घरी?"

"वडिलांनाही गुडघाच सांगितला. बारा वर्षं त्या माणसाने जादा ड्युट्या केल्या होत्या, त्यांना काय सांगणार, की हात वर गेला नाही? मग ते दर रविवारी फोनवर विचारायचे, गुडघा कसा आहे. मी म्हणायचे, बरा आहे आता. ते बदकाच्या चरबीची बरणी पाठवायचे, गुडघ्याला चोळायला. मी तिच्यात बटाटे परतायचे. फार छान लागायचे." ती हसली. "दर रविवारी वाटायचं, आज सांगू. ते गेले तेव्हा माझ्या कपाटात दोन बरण्या शिल्लक होत्या."

मला एकदम ताईंचा शनिवारचा प्रश्न आठवला. मी म्हणाले, "ताईंना मी सांगते, यापुढे विचारू नका म्हणून."

"नको. त्या विचारतात ते मला आवडतं. माझं उत्तर आवडत नाही." मग तिने टॉवेल उचलून त्याची विनाकारण घडी घातली. "खेळते मी रविवारी. जिंकायचंबिंकायचं नाही. एक मॅच संपवायची आहे. सोळा वर्षं एक अर्धी पडून आहे."

मी तिला वचन दिलं की बाकी सगळं मी बघते. बाकी सगळं म्हणजे काय, तर तो कागद भरणं.

रविवारी सकाळी ऊन होतं. पाहुण्यांची कॅप्टन ही एक निवृत्त हेडमिस्ट्रेस होती, पांढरी टोपी, पांढरे मोजे, आणि बॅगेत नियमांची पुस्तिका, तीही प्लास्टिकच्या कव्हरात. मी कागद घेतला आणि नेहमी भरायचे तसा भरला. पहिली जोडी: ताई आणि मी. दुसरी जोडी: कोच आणि नागपूरकरीण. यात विचार करण्यासारखं काही आहे असं माझ्या मनालाही शिवलं नाही. ताई एकाहत्तरच्या, मी चौपन्नची, कोच चव्वेचाळीसची, नागपूरकरीण छत्तीसची. लग्नपत्रिका असो, मंडळाचं आभारपत्र असो, नावं वडीलधाऱ्यांपासून सुरू होतात. ताईंना दुसऱ्या जोडीत घालायचं म्हणजे त्यांना पाटावरून उठवून मागच्या पंगतीला बसवण्यासारखं होतं. सबंध मोसम मी असेच कागद भरले होते आणि कुणी हरकत घेतली नव्हती, कारण आम्ही चौघी इतक्या सारख्या वाईट होतो की कुणालाही कुठेही ठेवलं तरी निकाल तोच आला असता.

दोन्ही कोर्टांवर खेळ एकदम सुरू झाला. आमच्या कोर्टावर हेडमिस्ट्रेस आणि तिची जोडीदारीण ताईंना आणि मला व्यवस्थित, सभ्यपणे धुवून काढत होत्या. शेजारच्या कोर्टावर कोचसमोर दोन घाबरट बायका होत्या. त्यांतल्या एकीने कार पार्कमध्येच मला सांगितलं होतं की ही तिची आयुष्यातली तिसरी मॅच. कोच त्यांच्याशी हळुवार खेळत होती, शनिवारी आमच्याशी खेळते तशी. मग काय झालं कोण जाणे, चौथ्या गेममध्ये हात मोकळा झाला असावा. तिने एक खरी सर्व्हिस केली. मला फक्त आवाज ऐकू आला. बॉल मागच्या जाळीत जाऊन अडकला होता आणि ती बाई अजून रॅकेट सावरत होती.

हेडमिस्ट्रेस खेळायची थांबली. "माफ करा, त्या कोण?"

"आमची कोच. पूर्वी प्रोफेशनल होती," मी अभिमानाने सांगितलं.

"आणि त्या तुमच्या दुसऱ्या जोडीत आहेत?"

"हो. ताई वयाने सगळ्यांत मोठ्या आहेत ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी समजावून सांगितलं, की आमच्यात यादी अशीच करतात, आधी मोठ्यांचं नाव. तिने बॅगेतून पुस्तिका काढली आणि मला नियम वाचून दाखवला. जास्त चांगली जोडी पहिली लिहायची. कागदांची अदलाबदल झाल्यावर क्रम बदलता येत नाही. क्रम चुकीचा निघाला तर त्या टीमने मॅच सोडली असं धरायचं.

"अहो, मुद्दाम केलं असतं तर मी स्वतः पहिल्या जोडीत मार खायला कशाला उभी राहिले असते?"

"मुद्दाम करणारे नेमकं असंच करतात," ती म्हणाली, पण अगदी मऊपणे. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता. तेच जास्त लागलं.

एव्हाना शेजारच्या कोर्टावरही खेळ थांबला होता. कोच हातात बॉल घेऊन उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती नुसतीच म्हणाली, "म्हणजे थांबायचं?" आणि बॉलकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळा वर्षांनी या बाईने हिंमत करून कोर्टावर पाऊल ठेवलं होतं आणि तिची मॅच पुन्हा मध्येच मोडली होती, तीही माझ्या हाताने. कुणाचं हाड मोडलेलं नसताना कागदावर मोडलेलं लिहिणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा, आणि इथे मी जवळपास तेच करून बसले होते.

मग ताई पुढे झाल्या. मान राखण्यासाठी ज्यांना पहिल्या जोडीत घातलं होतं त्या ताई, त्यांनी ऑपरेशन थिएटरातला आवाज काढला. "हे पाहा, कागदावर काय लिहायचं ते लिहा. चूक आमची आहे, आम्ही सही करतो. पण वडे तळून व्हायला अजून सव्वा तास लागेल, आणि चहा घेतल्याशिवाय मी कुणाला इथून जाऊ देत नाही. तोवर सगळ्यांनी काय उन्हात बसून राहायचं?"

हेडमिस्ट्रेसने ताईंकडे पाहिलं, मग कोचकडे. "आम्ही दोघी त्यांच्याशी खेळू," ती म्हणाली. "पहिल्या जोडीशी पहिली जोडी. व्हायला हवं होतं तसं. त्याची कुठे नोंद होणार नाही, पण अशी सर्व्हिस एकदा परतवून बघायची माझी इच्छा आहे." त्या दोन घाबरट बायकांनी इतक्या चटकन कोर्ट रिकामं केलं की त्यांतली एक पाण्याची बाटली तिथेच विसरली.

आधी मी सही केली. मग खेळ सुरू झाला. कोचची एकच अट होती, पूर्ण मॅच, मध्ये थांबायचं नाही. ताई वडे तळायला गेल्या आणि मी बाकावर त्या हिरव्या-जांभळ्या टॉवेलवर बसले.

हेडमिस्ट्रेस बरी खेळायची, नागपूरकरीण डोळे मिटून मारत होती, त्यामुळे मॅच अगदीच एकतर्फी झाली नाही. तरी पहिला सेट आमच्याकडे आला. दुसऱ्यात चार-दोन झालं, मग पाच-दोन. कोच सर्व्हिसला आली आणि माझ्या लक्षात आलं. एक सेट वर, पाच-दोन, सर्व्हिस तिची. तिथे हजर असलेल्या माणसांपैकी हे फक्त दोघींना माहीत होतं.

तिने बॉल जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला. मी मोजत होते, सोळा वेळा. मग दोन्ही सर्व्हिस चुकल्या, डबल फॉल्ट. पुन्हा डबल फॉल्ट, आणि या खेपेला बॉल नेटपर्यंतही पोचला नाही. शून्य-तीस. ती मागे जाऊन जाळीकडे तोंड करून उभी राहिली.

"आर यू ओके?" नागपूरकरणीने विचारलं. "पाय दुखतोय का? बसायचं का थोडं?"

मी उठून गेटपाशी गेले आणि तिथेच थांबले. एवढ्यात खोलीच्या दारातून ताई बाहेर आल्या, हातात झारा, अंगावर ॲप्रन. त्यांना लीड्स माहीत नव्हतं, चरबीच्या बरण्या माहीत नव्हत्या. त्यांना फक्त एक घाबरलेलं माणूस दिसलं, आणि घाबरलेल्या माणसांबरोबर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती.

"दहापासून उलटे आकडे मोज," त्यांनी कोचला सांगितलं. "हळूहळू. तुझ्या भाषेत."

कोचने वळून पाहिलं. "त्याने काय होईल?"

"माझ्याकडे सहाच्या पुढे कुणी जागं राहिलेलं नाही. तू राहून दाखव."

कोचला हसू फुटलं. ती रेघेवर आली. मोठ्याने मोजायला लागली, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण सहा कुठे येऊन गेला ते तिच्या चेहऱ्यावर कळलं. मग बॉल वर गेला आणि पाठोपाठ हातही गेला.

पंधरा-तीस. तीस-तीस. चाळीस-तीस. शेवटच्या पॉइंटला हेडमिस्ट्रेसने ती सर्व्हिस खरंच परतवली. बॉल सरळ नागपूरकरणीकडे आला. तिने डोळे मिटून रॅकेट फिरवली. बॉल रॅकेटच्या कडेला लागला, उंच उडाला, आमच्या सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि तो पलीकडे मागच्या रेघेजवळ पडला. या लीगमध्ये अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत का बाहेर हे आपणच प्रामाणिकपणे सांगायचं. हेडमिस्ट्रेस तिथे गेली, वाकून खुणेकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आत. अगदी आत."

"मी तर बघितलंच नाही," नागपूरकरीण म्हणाली. "काय झालं?"

"संपली," कोच म्हणाली. तिने हेडमिस्ट्रेसशी हात मिळवला, तिच्या जोडीदारणीशी मिळवला, नागपूरकरणीला मिठी मारली आणि माझ्या शेजारी येऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरले होते आणि ते वड्यांच्या धुराने, असं मी मागाहून सगळ्यांना सांगितलं.

चहाच्या वेळी निकालाचा कागद टेबलावर होता. कोचच्या नावापुढे हेडमिस्ट्रेसच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: मॅच सोडली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर कोच तो कागद बोटाने फिरवून वाचत होती.

"तेव्हा कागदाने सांगितलं, गुडघा मोडला. मोडला नव्हता," ती म्हणाली. "आज कागद सांगतो, सोडली. सोडली नाही. मला याचा फोटो काढून दे."

मी फोटो काढत होते तेवढ्यात ताई वड्यांचं ताट घेऊन फिरत फिरत आमच्यापाशी आल्या. शनिवार नव्हता, रविवार होता, पण सवय ती सवय.

"गुडघा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

कोच नाडी बांधायला वाकली नाही. तिने बशी खाली ठेवली आणि ताईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "ताई, त्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं."

ताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "मग बरंच झालं," त्या म्हणाल्या, आणि तिच्या बशीत आणखी एक वडा ठेवला.